मोटारीचा परवाना आणि ड्रायव्हरचे घड्याळ



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की विजयदुर्गाचा, आंग्र्यांच्या आरमाराचा, फार तर आपल्या देवगडच्या किल्ल्याचा, अशी आपली समजूत असते. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात या क्षणी असेल. मोटार हाकण्याचा परवाना, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'लायसन'. मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उलटताना झाले. ती उलटताना एक गोष्ट ध्यानात आली, तीच आपल्यापुढे मांडावी म्हणून उभा आहे.

दिवस हापूसचे आहेत. ही सभा सुटेल त्या सुमारास तालुक्यातल्या बागांतून पेट्या भरलेल्या गाड्या तळेबाजार, शिरगाव मागे टाकून नांदगावच्या तिठ्याकडे निघालेल्या असतील. काही तिथून महामार्गाने वाशीच्या बाजाराकडे वळतील, काही फोंडाघाट चढून निपाणी-कोल्हापूरकडे जातील. त्या गाडीच्या चाकावर बसलेल्या माणसाची परीक्षा कोणी घेतली, कधी घेतली आणि कशाची घेतली, हा आजचा प्रश्न आहे.

मोटार यायच्या आधी आपल्या किनाऱ्यावर वाहन हाकण्याची विद्या नव्हती असे कोणी समजू नये. मुंबईला जायचे तर आगबोट, आणि तीही पावसाळ्यात बंद. एरवी गलबते आणि होड्या. पोरवयात होडीवर चढलेला मुलगा आधी पाणी उपशी, मग दोर ओढी, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या हाती सुकाणू येई. त्याला तांडेल कोणी करायचे? ज्यांचा जीव त्याच्या हाती राहणार होता त्यांनी. दर्याची नजर, वाऱ्याची पारख आणि माणसे सांभाळण्याची रीत, या साऱ्यांची परीक्षा रोज होत असे. ती घेणारे त्याच होडीत बसलेले असल्यामुळे वशिल्याला जागा कमी होती.

मोटारीची गोष्ट निराळी. मोटार चुकली तर आत बसलेल्यापेक्षा रस्त्याने पायी चालणारा आधी मरतो, आणि तो त्या गाडीत कधी बसलेलाही नसतो. म्हणून मोटारीबरोबर सरकारी परवाना आला. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपली तीनचाकी मोटार रस्त्यावर आणली, तेव्हा लोकांनी आवाजाच्या आणि वासाच्या तक्रारी केल्या, आणि १८८८ साली बाडेनच्या सरकारकडून त्यांना गाडी चालविण्याची लेखी परवानगी घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फॉर्टस्हाइमला गेल्या. अंतर शंभर किलोमीटरांवर; वाटेत इंधन मिळाले ते औषधांच्या दुकानात. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा एका बाईने केला, आणि आपल्या एसटीत चालकाच्या जागी बाई बसायला २०२३ साल उजाडावे लागले, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

बेंझ यांना मिळाली ती परवानगी. परीक्षा आली ती पॅरिसमध्ये. तिथल्या पोलिसखात्याने १४ ऑगस्ट १८९३ रोजी हुकूम काढून मोटार चालविणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करून दाखला घ्यावा असे ठरविले. ड्रायव्हरला 'शोफर' म्हणण्याची रीत त्याच भाषेतली. तिचा मूळ अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा, वाफेचे यंत्र तापविणारा. म्हणजे मोटारीच्या मालकांनी आपल्या नोकराला पहिले नाव दिले ते भट्टीवाल्याचे. ही गोष्ट पुढे कामास येणार आहे.

इंग्लंडने १९०३ साली परवाना आणला, पण परीक्षा ठेवली नाही. पाच शिलिंग भरा आणि परवाना घ्या. तीसएक वर्षे असेच चालले. १९३४ साली त्या देशात सारी मिळून चोवीस लाखांच्या आसपास वाहने होती, आणि त्या एका वर्षात रस्त्यावर ७,३४३ माणसे मेली. तेव्हा कुठे १ जून १९३५ पासून नव्या चालकांना प्रात्यक्षिक परीक्षा सक्तीची झाली. फी साडेसात शिलिंग. परीक्षेसाठी वेगळ्या इमारती नव्हत्या. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनाबाहेर नाहीतर बागेजवळ भेटत. पंचवीस यार्डांवरून गाडीचा नंबर वाचून दाखवावा लागे. पहिल्या वर्षी शंभरातले त्रेसष्ट उत्तीर्ण झाले. शिकाऊ गाडीवर लाल 'एल' लावण्याची पद्धत तेव्हाचीच.

या तारखांच्या जोडीला आणखी एक तारीख ठेवा. त्याच इंग्लंडने पाच वर्षे आधी, १९३० सालच्या कायद्यात, लॉरी व बस चालविणाऱ्या माणसाला सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि दिवसाच्या चोवीस तासांत अकरा तासांपेक्षा जास्त चालवू देऊ नये, असे लिहून ठेवले होते. म्हणजे ड्रायव्हरला गाडी येते की नाही हे विचारायच्या आधी, तो जागा आहे की नाही हे कायद्याने विचारले. या क्रमात मोठे शहाणपण आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या रस्त्यावर मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. आरंभी प्रांताप्रांतांचे नियम वेगळे होते. पुढे १९१४ चा हिंदी मोटार वाहन कायदा झाला आणि परवाना साऱ्या देशाला लागू झाला. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुरू झाली आणि ड्रायव्हर हा एखाद्या शेटजीच्या घरचा नोकर न राहता शेकडो माणसांचा सारथी झाला.

पण ही माणसे शिकली कुठे? शाळा नव्हती. शाळा होती ती गाडीच. लॉरीवर क्लीनर म्हणून चढायचे, ज्याला आपल्याकडे 'किन्नर' म्हणतात. गाडी धुवायची, रेडिएटरात पाणी भरायचे, टायर फिरवायचा, घाटात चाकामागे दगड लावायचा. गाडी सुरू करायची ती पुढे लोखंडी हँडल मारून. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. अंगठ्याने मूठ आवळली आणि इंजिनाने उलट झटका दिला तर हात मोडलाच. हा धडा पुस्तकात वाचून कोणी शिकले नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेले आणि बसगाड्यांना मागे कोळशाच्या भट्ट्या लागल्या. त्यांच्या गॅसवर गाडी चाले, आणि भट्टी पेटविण्याचे काम अर्थातच किन्नराकडे. शोफर या शब्दाचा मूळ अर्थ असा आपल्या रस्त्यांवर शब्दशः खरा झाला.

त्या काळच्या गाड्यांना डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबा, गीअर काढा, क्लच सोडा, इंजिनाला जरा वेग द्या, पुन्हा क्लच दाबा आणि खालचा गीअर घाला. सपाटीवर चुकले तर दात करकरतात आणि लोक हसतात. फोंडाघाट उतरताना चुकले तर गीअर हातात येत नाही, गाडी मोकळी सुटते, आणि मग एकट्या ब्रेकवर सारा भार. ब्रेक तापला की पकडत नाही. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता: ज्या गीअरात घाट चढतोस त्याच गीअरात उतर, आणि गीअर बदलायचा तो उतार लागण्याच्या आधी. किन्नराला हे उस्तादाच्या शेजारी बसून, त्याचा पाय बघून कळे. किती दिवसांनी चाक हातात द्यायचे ते उस्ताद ठरवी. या पद्धतीत शिव्या होत्या, मार होता, फुकटची राबणूक होती. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण तिने रात्र म्हणजे काय, घाट म्हणजे काय आणि भरलेली गाडी म्हणजे काय, हे पक्के शिकविले.

यानंतर येतो १९३९ चा मोटार वाहन कायदा, आणि माझ्या मते या विषयातली मुख्य गोष्ट त्यात आहे. या कायद्याने चालकाची प्रात्यक्षिक परीक्षा परिशिष्टात कलमवार लिहून दिली. इंजिन सुरू करणे, गाडी सरळ व तिरकी काढणे, दुसऱ्या वाहनाला ओलांडणे, डावी-उजवी वळणे बिनचूक घेणे, अकस्मात थांबविणे, मागे नेऊन अरुंद जागेत घालणे, हाताने इशारे देणे. इंग्लंडच्या १९३५ च्या परीक्षेची छाप तीत स्पष्ट दिसते. पगारी ड्रायव्हरला तर परवान्यावर तशी स्वतंत्र नोंद लागे. घरची गाडी चालविणारा आणि पोटासाठी चालविणारा यांत कायद्याने भेद केला होता.

त्याच कायद्यात ६५ वे कलम होते. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडून सलग पाच तासांवर काम घेऊ नये, मग निदान अर्धा तास विसावा द्यावा. दिवसाला नऊ तासांवर नाही, आणि आठवड्याला चोपन्न तासांवर नाही. ही बंदी मालकावर होती, आणि मालकाकडे गाड्या किती नि नोकर किती, असा प्रश्न ते कलम विचारीत नव्हते. एक गाडी असो की शंभर, माणूस थकतो तो सारखाच.

म्हणजे १९३९ च्या कायद्यात परीक्षा दोन होत्या. एक ड्रायव्हरची: तुला गाडी येते का? दुसरी मालकाची: तू त्याला झोपू देतोस का? पहिली परीक्षा दिवसेंदिवस कडक होत गेली. दुसरीचे काय झाले ते आता पाहू.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर मुंबई सरकारची पहिली एसटी धावली. कोकणातल्या माणसाला एसटी म्हणजे काय ते सांगायला नको. आगबोट गेली तरी गावाची मुंबईशी नाळ तुटली नाही ती हिच्यामुळे. पण ड्रायव्हरच्या दृष्टीने एसटीचे महत्त्व वेगळे आहे. नुसता परवाना दाखवून इथे चाकावर बसता येत नाही. महामंडळ आपली स्वतंत्र वाहनचाचणी घेते, निवडलेल्यांना प्रशिक्षण देते, आणि त्यांना हजेरी, पाळी, रजा आणि संघटना असते. मोठा धनी असला की त्याच्याशी भांडता येते, हा आम्हा कामगारांचा जुना अनुभव आहे.

याच सुमारास मोटार कामगारांसाठी वेगळ्या कायद्याची मागणी वाढली आणि १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, साप्ताहिक सुट्टी, रात्री मुक्काम पडेल तिथे विश्रांतीची खोली. कायदा चांगला होता. पण तो लागू होता ज्या धंद्यात पाच किंवा अधिक मोटार कामगार असतील त्यालाच. दोन गाड्या आणि तीन माणसे असलेला मालक त्याच्या बाहेर राहिला.

पुढे १९३९ चा कायदा गेला आणि १ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. यातले कलम ९१ म्हणते की वाहतुकीच्या गाडीवरच्या माणसाचे कामाचे तास १९६१ च्या कायद्यात आहेत तेच असावेत. वाचायला हे सर्वांना लागू वाटते. पण तास तपासणाऱ्या कचेरीची वही पाच कामगारांपासून उघडत होती. आता १९६१ चा कायदा संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आठ तासांचे तत्त्व तीत कायम आहे. मात्र मोटार वाहतुकीच्या धंद्यासाठी पाचाचा आकडा दहा झाला. ८६ वर्षांचा हा प्रवास असा: १९३९ साली एक गाडीवालाही कायद्यात, १९६१ साली पाच माणसांपासून पुढचे, आणि आज दहांपासून पुढचे.

उलट परीक्षेचे पाहा. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला पंधरावा नियम काढला तर त्यात कितीतरी बाबी आढळतील. आरसा नीट करण्यापासून सुरुवात आहे. चढावर गाडी थांबवून ती तसूभरही मागे न घसरता पुन्हा काढून दाखवावी, उतारावर चटकन खालचा गीअर घ्यावा, हेही त्यात आहे. कोणी घाट पाहिलेल्या माणसानेच हे लिहिले असावे. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी. वाहतुकीच्या गाडीचा शिकाऊ परवाना हवा तर आधी वर्षभर हलक्या गाडीचा परवाना असायला हवा. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची सोय झाली: हलक्या वाहनासाठी २९ तासांचे शिक्षण, आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओकडे पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. हे सगळे स्वागतार्ह आहे. परीक्षा सोपी करा असे कोणताही शहाणा कामगार पुढारी म्हणणार नाही, कारण ड्रायव्हरचा पोर रस्त्यानेच शाळेत जातो.

मध्यंतरी या परीक्षेत एक अडसर मात्र असा घातला गेला होता की ज्याचा गाडीशी संबंध नव्हता. वाहतुकीच्या वाहनाचा परवाना हवा तर आठवी उत्तीर्ण असले पाहिजे, असा केंद्रीय नियमांतला आठवा नियम होता. वीस वर्षे घाट पाहिलेला किन्नर सातवी नापास म्हणून चाकाबाहेर, आणि कधी लॉरीत न बसलेला आठवी पास म्हणून आत! २०१९ साली केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. ज्याची शाळा सुटली त्याची अक्कल सुटत नाही, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली. रस्त्यावरच्या खुणा आणि पाट्या समजल्या पाहिजेत ही अट योग्यच होती, ती आजही आहे.

आपल्या आंब्याच्या गाड्यांशी संबंध असलेला आणखी एक निकाल सांगतो. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येईल काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अपघात झाला की विमा कंपन्या म्हणत, परवाना योग्य वर्गाचा नाही, भरपाई देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. आपल्याकडच्या पिकअप आणि छोटे टेंपो चालविणाऱ्यांना या निकालाने मोठाच आधार दिला.

आता सगळा हिशेब एकत्र मांडू. तालुक्यातला एखादा तरुण ड्रायव्हिंग स्कूलच्या, शेजारच्या बाजूलाही ब्रेक असलेल्या गाडीवर शिकतो. आरटीओच्या निरीक्षकापुढे दिवसाउजेडी, रिकाम्या गाडीने, ताज्या डोळ्यांनी परीक्षा देतो. उत्तीर्ण होतो. पुढच्या मोसमात तोच तरुण दिवसभर बागेत पेट्या चढवितो आणि संध्याकाळी भरलेली गाडी घेऊन वाशीला निघतो, कारण पहाटेच्या बाजाराला माल पोचला पाहिजे. उशीर झाला तर भाव पडतो, आणि डिझेल जास्त लागले तर मालक विचारतो. म्हणून उतारावर गाडी गीअरातून काढून मोकळी सोडण्याचा मोह होतो. परीक्षेत त्याला चढावर गाडी उभी करता आली होती. पहाटे तीन वाजता पापणी उभी ठेवता येते काय, हे कोणी विचारले नव्हते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. दर अपघातानंतर आपण ड्रायव्हरचा परवाना पाहतो. तो किती तासांचा जागा होता हे पाहण्यासाठी कोणता कागद मागायचा? असा कागदच नाही.

बागायतदार मंडळींवर मी दोष ठेवीत नाही. त्यांच्यातले बरेचजण स्वतःच चाकावर बसतात, आणि थकतातही तेच. पण दहा माणसांची मर्यादा घालून कायदा ज्या दारापाशी थांबला, त्या दाराच्या आत आपण सारे आहोत. तेव्हा कायदा बदलेपर्यंत आपल्या हाती काय आहे? एक साधी सूचना करतो. मालाबरोबर बिल्टी जाते. तीवर पेट्या किती, वजन किती, भाडे किती, हे आपण लिहितोच. त्याच्या खाली आणखी दोन ओळी लिहाव्या: ड्रायव्हर किती वाजता झोपून उठला, आणि वाटेत अर्धा तास कुठे थांबणार. लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचेही नाव. याला खर्च शाईचा. बागायतदारांच्या संस्था, वाहतूकदार आणि ड्रायव्हर एकत्र बसले तर एका मोसमात ही रीत पडेल. आणि रीत पडली की कायद्याला ती मान्य करणे सोपे जाते. परवानासुद्धा असाच आधी एका शहराचा हुकूम होता, मग जगाचा कायदा झाला.

होडीवर तांडेलाची परीक्षा घेणारे त्याच होडीत बसलेले असत, असे मी आरंभी म्हटले. रस्त्यावरच्या होडीत आता आपण सगळेच बसलेलो आहोत. निरीक्षकाने काही मिनिटे परीक्षा घेतली, त्याचे काम झाले. राहिलेली परीक्षा आपल्याला घ्यायची आहे, आणि ती आधी स्वतःची घ्यायची आहे.